शिवसागरच्या काठी दोन वाटा

प्रवासाला निघालेल्या कुटुंबात दोन पक्ष पडतात, हा अनुभव घरोघरचा आहे. एका पक्षाला विसावा हवा असतो. पाण्याकाठी बसावे, ऊन अंगावर घ्यावे, घड्याळाकडे पाहू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. दुसऱ्या पक्षाला डोंगर चढायचा असतो, अरण्य पायाखाली घालायचे असते आणि दमून परतायचे असते. पहिला दुसऱ्याला अविचारी म्हणतो आणि दुसरा पहिल्याला आळशी ठरवतो. व्यापारी घरांत हा वाद अधिकच रंगतो, कारण दुकान बंद ठेवण्याचे दिवस वर्षातून मोजकेच असतात आणि ते कसे खर्ची घालावेत याविषयी प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे असते.

या दोन्ही पक्षांना एकाच वेळी सामावून घेणारे ठिकाण साताऱ्याच्या पश्चिमेला आहे. कोयना नदीवर हेळवाकजवळ बांधलेल्या धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला, त्यालाच शिवसागर म्हणतात. सुमारे ५० किलोमीटर लांबीचे हे पाणी सह्याद्रीच्या रांगांमधून वाट काढीत थेट महाबळेश्वरच्या पायथ्यापर्यंत पोहोचते. धरणाची उंची १०३ मीटर आणि साठवण क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. जलाशयाच्या पश्चिम काठावरचे दाट रान १९८५ साली कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकारास आला. गवे, अस्वले, बिबटे, सांबर, भेकर आणि आपल्या राज्याचा मानाचा प्राणी असलेले शेकरू यांचा हा अधिवास आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना आणि जवळचे कास पठार या दोहोंचा समावेश आहे.

साताऱ्याहून कास पठार ओलांडून घाट उतरले की बामणोली लागते. महाबळेश्वरकडून येणाऱ्यांना तापोळा जवळचे. या परिसरात कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची पाणी एकत्र येतात. काठावर घरगुती निवासाची सोय आहे, तंबू आहेत, नावा आहेत. ज्याला केवळ विसावा हवा, त्याला येथून हलण्याचे कारण नाही. ज्याला साहस हवे, त्याच्यासाठी समोरच्या काठावर, निबिड अरण्याच्या माथ्यावर वासोटा किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींनी त्याला व्याघ्रगड हे नाव दिले. दुर्गमतेमुळे कैदी ठेवण्यासाठी हा गड वापरला जाई. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा त्यांचे दोन अधिकारीही तेथील बंदिवासातून सुटले. बामणोलीहून नावेने तासा-दीड तासाचा प्रवास करून पलीकडे उतरावे लागते आणि तेथून दोन-अडीच तासांची उभी चढण सुरू होते.

बारामतीच्या बाजारपेठेत भुसार मालाची आडत असलेले एक कुटुंब गेल्या डिसेंबरात येथे तीन दिवसांसाठी आले. चातुर्मासात गाव सोडायचे नाही असा आजींचा नियम. म्हणून कासच्या फुलांचा हंगाम दरवर्षी हुकतो. सातारचे नातेवाईक भाद्रपदात फुलांची छायाचित्रे पाठवीत आणि आजी ती कौतुकाने पाहून म्हणत, “फुलं बघायला पायाखाली फुलंच तुडवावी लागत असतील, तर लांबूनच बरी.” या बोलण्यात तथ्य होते. जांभ्या खडकावरील मातीचा थर तेथे इतका पातळ आहे की माणसांच्या पावलांनी तो सहज उखडतो. हंगामात प्रवेशसंख्येवर मर्यादा आणि पूर्वनोंदणीची अट आली ती याच कारणाने.

घरातले दोन पक्ष गाडीतच स्पष्ट झाले होते. आडत सांभाळणाऱ्या थोरल्या मुलाला तीन दिवस काहीही करायचे नव्हते. धाकट्या भावाला आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या नातवाला वासोटा गाठायचा होता. चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेचा अभ्यास करणारी नात त्यांच्या बाजूची होती. नातवाचा बेत तर गडावरच रात्र काढण्याचा होता. बामणोलीत वनखात्याच्या परवान्याची चौकशी करताना त्याला कळले की गडावर मुक्कामास मनाई आहे, दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी खाली यायचे असते आणि पावसाळ्यात ही वाट बंदच असते.

“म्हणजे रानालाही चातुर्मास आहे आणि रात्रीचा त्यागही,” आजी म्हणाल्या.

सारे हसले. पण विचार केला तर हे साम्य वरवरचे नाही. पावसाळ्यात भूमी जीवांनी गजबजलेली असते. पाऊल ठेवावे तेथे अंकुर, किडा, गोगलगाय. म्हणून साधुसाध्वी विहार थांबवतात. रानातही हाच काळ अंकुरण्याचा आणि वाढण्याचा. ओढे दुथडी भरलेले, वाटा निसरड्या, जळवांचा सुळसुळाट. रात्री दिसत नाही म्हणून भोजन टाळावे. रात्री दिसत नाही म्हणून रानातून चालू नये. दोन्ही नियमांमागे स्वतःची काळजी आहे आणि दुसऱ्या जीवाचीही.

रात्री बेत पक्का करताना आजींनी एकच अट घातली. “उद्या जा. पण कुठवर आणि किती वाजेपर्यंत, ते आत्ता ठरवा. तिथे गेल्यावर ठरवायचं नाही.”

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जावे, याचे परिमाण आधीच बांधून घ्यायचे. आजच्या काळात हे व्रत केवळ यादीत उरले आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे मर्म व्यवहारी आहे. मोहाच्या क्षणी माणसाची निर्णयशक्ती सर्वांत दुबळी असते, म्हणून मर्यादा मोहाच्या आधी आखावी लागते. काकांनी हिशोब मांडला. सकाळी आठला नाव, साडेनऊला पायथा, बाराच्या सुमारास माथा, चारपर्यंत परत नावेपाशी. मात्र काही कारणाने उशीर झालाच, तर दुपारी दीड वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे. नातवाने मान डोलावली. त्याला खात्री होती की दीड वाजता तो गडावर शिदोरी सोडत असेल.

सकाळी जलाशयावर धुके उतरले. समोरचा डोंगर तर सोडाच, धक्क्यावरची शेवटची नावही दिसेना. नावाड्याने हात जोडून सांगितले, “शेठ, धुकं उठल्याबिगर नाव सोडत नाय.” नाव निघाली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पलीकडे उतरल्यावर वनरक्षकाने पिशव्या उघडून पाहिल्या, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून नोंदवल्या आणि परत आणाव्यात म्हणून अनामत घेतली. चढण सुरू व्हायला साडेअकरा झाले.

इकडे काठावर राहिलेल्यांचा दिवस निराळ्या रीतीने उघडला. थोरल्या मुलाने पाण्यासमोर खुर्ची टाकली खरी, पण पहिला तास भ्रमणध्वनीला रेंज कोठे मिळते याच्या शोधात गेला. मग त्याने वेगवान बोटीतून फेरफटका मारण्याचा विचार बोलून दाखवला. आजींनी विचारले, “कुठं जायचंय?”

“कुठंच नाही. नुसती एक चक्कर.”

“मुलं नावेनं गेली, त्यांना दुसरा रस्ता नव्हता. तुला कुठंच जायचं नाही, मग एवढं पाणी कशाला ढवळायचं?”

अनर्थदंड या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. गरजेपोटी घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही. पण ज्यात काही अर्थच साधत नाही, ती तरी टाळावी, एवढीच या व्रताची अपेक्षा. विसावा घेणारा माणूस आपण कोणाला त्रास देत नाही अशा समजुतीत असतो. परंतु शेजारच्या तंबूंत आदल्या रात्री मोठ्या आवाजात गाणी चालली होती, शेकोटीत लाकडामागून लाकूड पडत होते आणि सकाळी काठावर कागदी ताटल्या व बाटल्या विखुरल्या होत्या. ही सारी मंडळी आरामासाठीच आली होती. साहसाचा धोका निदान साहस करणाऱ्याला दिसतो. आरामाचा भार मात्र दुसऱ्याच्या खात्यावर पडतो आणि त्याची नोंदही होत नाही. या कुटुंबाच्या गाडीतही चोवीस बाटल्यांचे खोके होते. आजींनी ते उघडू दिले नाही. घरमालकिणीकडून विहिरीचे पाणी घेऊन, गाळून, उकळून भरले.

त्या घरमालकीण साठीच्या पुढच्या. स्वयंपाकाची बोलणी आधीच झाली होती. कांदा, लसूण, बटाटा नको आणि रात्रीचे जेवण साडेपाचच्या आत. “त्यात काय अवघड? आमची म्हातारी माणसं बी दिवा लागायच्या आतच जेवायची,” असे त्या म्हणाल्या होत्या. दुपारी चुलीपासून मोकळ्या झाल्यावर त्या आजींजवळ येऊन बसल्या आणि समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून बोलू लागल्या. त्यांच्या सासऱ्यांचे घर तेथे होते. भाताची खाचरे नदीच्या काठाने होती. धरण झाले आणि सारे पाण्याखाली गेले. दोन चुलत घरे सोलापूरकडे गेली, एक रायगडाकडे. हे घर डोंगर चढून वर सरकले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बांधांच्या रेषा उघड्या पडतात. सासूबाई होत्या तोवर दर वैशाखात खाली जाऊन जोत्याच्या दगडांवर हळदकुंकू वाहून येत.

थोरला मुलगा खुर्ची सरकवून जवळ आला. कोयना म्हटले की त्याला वीज आठवे. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेली ही निर्मिती टप्प्याटप्प्याने वाढत १,९६० मेगावॅट क्षमतेपर्यंत पोहोचली. पश्चिमेकडे कोकणात पाणी खाली सोडून ही वीज होते. राज्यातल्या गिरण्या, पेढ्या, दुकाने कित्येक दशके या प्रकाशात चालली. आडतीवरचा काटा आणि दिवा यांच्या मागे पाण्याखालचे एखादे जोते असेल, हा विचार मात्र त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्याला ऐकून ठाऊक होता. घरमालकिणींच्या सासूबाईंनी तो भोगला होता. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाच्या अभ्यासात जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचे उदाहरण घेतात. विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. त्या बाई हे सारे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. पावसापाण्याविषयी बोलावे तसे बोलत होत्या. त्या दुपारी त्याने भ्रमणध्वनी पुन्हा खिशातून काढला नाही. विसावा म्हणून तो जे शोधत होता, ते बहुधा हेच असावे. ज्या जागी बसलो आहोत, ती जागा कोणाची होती हे ऐकून घेण्याइतकी सवड.

पलीकडच्या रानात दीड वाजला तेव्हा काका, नातू आणि नात झाडीच्या वरच्या टोकाला पोहोचले होते. पानांतून तटाचा काळा दगड दिसत होता. नातू म्हणाला, “काका, वीसच मिनिटं राहिलीत. एवढं आलोय.”

काकांनी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे वर, तेथे गेल्यावर कडा पाहण्याचा मोह, म्हणजे किमान पाऊण तास. उतरायला दोन तास. मग नावेत दीड तास. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शिवाय नात शेवटच्या टप्प्यात डावा पाय जपून टाकत होती. बोलत नव्हती एवढेच. ते म्हणाले, “काल रात्री आपण तिघांनी ठरवलं होतं. चल.”

याच वेळी मागून आलेला एक तरुणांचा गट त्यांना ओलांडून वर गेला. नातवाने त्यांच्याकडे पाहिले आणि काही न बोलता वळला. उतरताना नातीचा गुडघा दुखू लागला. एरवी दोन तासांचा उतार, पण सव्वादोन तास लागले. पायथ्याशी वनरक्षकाने प्लॅस्टिक मोजून घेतले आणि अनामत परत दिली. चारला नाव सुटली.

येथे वाचकांना कदाचित अपेक्षा असेल की वर गेलेल्या त्या गटावर काही संकट ओढवले. तसे काही झाले नाही. ते गड पाहून, छायाचित्रे काढून, अंधार पडता पडता सुखरूप बामणोलीस उतरले. नातवाने त्यांना धक्क्यावर पाहिले आणि त्याचा राग उफाळून आला. “बघा, ते जाऊन आले. काही झालं नाही.”

आजी म्हणाल्या, “ते त्यांच्या हिशोबानं गेले. आपला हिशोब दीडचा होता.”

बँकेत कर्जाला मंजूर मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेर दिलेली रक्कम पुढे व्याजासह वसूल झाली, म्हणून ती देणे योग्य होते असे लेखापरीक्षक म्हणत नाही. निर्णय बरोबर की चूक, हे तो घेतला त्या क्षणी हाती काय होते यावरून ठरते. नंतर नशिबाने काय पदरात टाकले यावरून नव्हे. जोखीम घेणे व्यापाऱ्याला नवे नाही. पण कोणत्या भावाला तोटा स्वीकारून सौदा सोडायचा, हे आधी ठरवून ठेवणारा व्यापारी टिकतो आणि “आणखी थोडी वाट पाहू” म्हणणारा बुडतो, हे प्रत्येक पेढीला ठाऊक आहे. गोष्ट बाजारात पटते, डोंगरावर विसरते.

या भागात जाऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच आरामाची वाट धरावी की साहसाची, हा प्रश्न बाजूला ठेवावा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत आणि एका कुटुंबाने दोन्ही निवडण्यातही वावगे काही नाही. वासोट्याला जाणाऱ्याने डिसेंबर-जानेवारी निवडावा, परवाना घ्यावा, वाटाड्या सोबत घ्यावा आणि उपवासाच्या दिवशी चढण करू नये. पचखाण मोडण्यापेक्षा दिवस बदलणे सोपे. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट अंगावर चढवावे आणि जलाशयात उतरण्याचा मोह टाळावा. हे पाणी वरून शांत दिसते, तळ मात्र खोल दऱ्यांचा आहे. काठावर राहणाऱ्याने जेवणाची वेळ आणि पदार्थ आधी कळवावेत, मुक्काम शक्यतो गावकऱ्यांच्या घरी करावा, आपला आवाज आपल्या अंगणापुरता ठेवावा आणि जे नेले ते परत आणावे. दोघांनीही निघण्यापूर्वी एवढेच ठरवावे: कुठवर, किती आणि कशासाठी.

त्या संध्याकाळी नाव बामणोलीस लागली तेव्हा साडेपाच वाजत आले होते. ताटे मांडलेली होती. ज्वारीची भाकरी, पिठले, वालाची उसळ, ताक. सारे घाईने बसले आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी पाणी पिऊन उठले. नातू अजूनही गप्प होता. वर गेलेल्या गटाला त्याने धक्क्यावर पाहिले ते त्यानंतरच. आजींचे ते उत्तर ऐकून तो फणकाऱ्याने अंगणात गेला. भांडी आवरताना त्याची आई त्याच्यापाशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “आजींचं आज एकासन होतं. दुपारी ताट वाढलं होतं, तर म्हणाल्या, मुलं येऊ देत, त्यांच्याबरोबर बसेन.”

नातवाने मनाशी हिशोब केला. तो वीस मिनिटे वर गेला असता तर नाव साडेसहाला लागली असती. सूर्यास्तानंतर आजी अन्नही घेत नाहीत आणि पाणीही. आदल्या दिवशीच्या संध्याकाळनंतर पोटात काही नसलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तसेच राहावे लागले असते. सकाळी निघताना त्यांनी याचा एक शब्दही काढला नव्हता.

तो आत गेला. आजी खिडकीपाशी आसन घालून सामायिकाला बसल्या होत्या. बाहेर पाण्यावरचा उजेड हळूहळू विझत होता. तो आवाज न करता त्यांच्यामागे भिंतीशी बसला आणि अठ्ठेचाळीस मिनिटे तेथून उठला नाही.